हिस्सा नंबर एक की नऊ?

डोंबिवलीचा पुतण्या गणपतीला आला आणि त्याने माझे साडेतेरा हजार पाच मिनिटांत उघडे पाडले. २०२३ सालची गोष्ट. आरत्या आटोपून मुलं कॉम्प्युटरच्या खोलीत शिरली होती आणि आमचे चिरंजीव चुलत भावाला नवा मॉनिटर दाखवत होते. २७ इंची, वक्र, खोक्यावर भल्यामोठ्या आकड्यांत १६५ हर्ट्झ. पुतण्याने माऊस हातात घेतला, थोडा वेळ इकडेतिकडे फिरवला आणि मला हाक मारली. ‘‘काका, हे सेटिंग कधी बघितलंत का?’’ सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं करत तो आत गेला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे ६० लिहिलेलं होतं.

मे महिन्यापासून माझा मुलगा ‘‘बाबा, काय मख्खन चालतंय’’ म्हणत ज्याच्यावर खेळत होता, त्याचा वेग आमच्या जुन्या, मेलेल्या मॉनिटरइतकाच होता. वर आम्ही त्याला सेट टॉप बॉक्सबरोबर कधीकाळी आलेली एचडीएमआय केबल लावली होती. डिस्प्लेपोर्टची जाड केबल खोक्यात, पिशवीचं तोंडही न फोडता पडून होती. त्या रात्री ती लावली, ६० चे १६५ केले आणि मुलगा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘हे वेगळंच आहे.’’

तेव्हा मॉनिटर घेतलात तर पहिल्या दिवशी हा आकडा स्वतः उघडून बघा. विंडोज बऱ्याचदा ६० वरच बसून राहतं, कोणी सांगत नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा. ६० ला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ ला ६.९ नी. ही उडी माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांनाही कळते, नुसती वर्डची फाईल खालीवर सरकवली तरी. १४४ वरून १६५ ला गेल्यावर मात्र एक मिलिसेकंदसुद्धा वाचत नाही. त्या वरच्या एकवीससाठी कोणी दोन हजार जास्त मागत असेल तर देऊ नका.

हा झाला मुलाचा भाग. माझं दुखणं वेगळं होतं.

मी दस्त टाइप करतो. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, वकिलांचे मसुदे. दिवसाचे सात-आठ तास मराठी अक्षरं आणि मराठी आकडे. कोकणातली जमीन ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आमच्याकडे दोन गुंठ्यांनासुद्धा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, त्याचा पोटहिस्सा आणि त्याखाली बावीस सहहिस्सेदार असतात. जून महिन्यात एका मसुद्यात मी ‘हिस्सा नं. ९’च्या जागी ‘हिस्सा नं. १’ तसाच ठेवला. दोनदा वाचूनही मला तो नऊच वाटला होता. वकीलसाहेबांनी सातबारा शेजारी धरून वाचला म्हणून दुय्यम निबंधकांकडे जाण्याआधी पकडला गेला. ते काही बोलले नाहीत. नुसता लाल पेनाने गोल केला. त्या गोलाने मला जेवढी झोप लागू दिली नाही तेवढी बोलण्याने दिली असती.

आधी चष्म्यावर संशय घेतला. नंबर तपासला, बदललेला नव्हता. मग एक दिवस स्क्रीनच्या अगदी जवळ नाक नेऊन बघितलं. दहा पॉइंटात मराठी एक आणि मराठी नऊ यांच्यातला फरक म्हणजे डोक्याजवळचा एवढासा वळसा. माझ्या नव्या स्क्रीनवर तो वळसा चार-पाच ठिपक्यांत उरकलेला होता, आणि त्या ठिपक्यांच्या कडा तांबूस-निळसर फुटलेल्या होत्या. ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘र्‍ह्य’ यांचा तर चिखल झाला होता. इंग्रजीत हे फारसं जाणवत नाही, तिथे अक्षराच्या डोक्यावर रफार, पोटात जोडाक्षर आणि पायात उकार असली गर्दी नसते. म्हणून इंग्रजीतले मॉनिटरचे अभिप्राय वाचून मराठी टायपिस्टाने निर्णय घेऊ नये, हे मी शिकलो.

मग हिशेब मांडला, जो मे महिन्यात मांडायला हवा होता. मॉनिटरवरचे ठिपके मोजलेले असतात. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, मग स्क्रीन २२ इंची असो की २७. तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर पसरले की प्रत्येक ठिपका जाडा होतो. २४ इंची फुल एचडीला एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचीला ८२. आमचा जुना साडेअठरा इंची १३६६ बाय ७६८ चा होता, त्याला ८५ होते. म्हणजे साडेतेरा हजार मोजून मी जुन्यापेक्षा भरड अक्षरं विकत आणली होती. पातळ पोह्यांऐवजी जाडे पोहे.

२७ इंचच हवे असतील तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, तिथे इंचाला १०९ ठिपके येतात आणि अक्षर छापल्यासारखं दिसतं. पण मग दुसरी गोष्ट आडवी येते. तेवढे ठिपके म्हणजे फुल एचडीच्या पावणेदोन पटीहून जास्त, आणि खेळताना ते सगळे दर वेळी ग्राफिक्स कार्डाला रंगवावे लागतात. आमच्याकडे चार जीबीचं जुनं जीटीएक्स १६५०. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ ते फुल एचडीत धावत ओढतं, पण मोठे, सजवलेले खेळ १४४० त त्याच्या छातीवर बसतात. मॉनिटर घ्यायला निघाल्यावर आधी आपल्या पेटीत कुठलं कार्ड आहे आणि पाठीमागे कुठली भोकं आहेत, याचा फोटो मोबाईलवर काढून घ्यावा. भारी मॉनिटर आणि दमलेलं कार्ड ही जोडी म्हणजे होडीला ट्रकचं इंजिन नव्हे, ट्रकला होडीचं.

वेग वाढवल्यावर मुलालाही आपली तक्रार सापडली. खेळात अंधाऱ्या बोळातून पळताना काळ्या आकृतीमागे काळी शेपूट ओढली जात होती. हा पॅनेलचा स्वभाव. आमचा व्हीए जातीचा होता. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा, पांढऱ्या-काळ्यातला फरक साधारण ३००० ला १, म्हणून रात्री दिवा मालवून सिनेमा बघायला फर्मास. पण गडद रंगांची अदलाबदल करायला तो आळशी. आयपीएस जातीत हा फरक साधारण १००० ला १ असतो, अंधारात कोपरे थोडे उजळलेले दिसतात, मात्र रंग बाजूनेही तसेच राहतात. हे बाजूने दिसणं माझ्या धंद्यात महत्त्वाचं. पक्षकार माझ्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसतो आणि ‘‘आमच्या आजीचं नाव नीट लिहिलंत ना?’’ म्हणून तिरका वाकून बघतो. व्हीएवर त्याला धुवट दिसायचं, वर स्क्रीन वक्र. एका आजोबांनी तर विचारलं, ‘‘वाकला कशानं हो? उन्हानं?’’ आता टाइप करताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

खोक्यावरच्या बाकी आकड्यांबद्दल थोडक्यात. ‘१ एमएस’ शेजारी बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलेलं असेल तर ते ठिपक्याचा रंग बदलण्याचा वेग सांगत नाही. पाठीमागचा दिवा चित्रांच्या मध्ये विझवून धूसरपणा लपवायची ती युक्ती आहे, आणि ती चालू केली की स्क्रीन मंद होते. ‘एचडीआर १०’ म्हणजे तो सिग्नल मॉनिटर स्वीकारतो, एवढंच. दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे आहे असं नाही. मधल्या किमतीत या शब्दासाठी वेगळा पैसा टाकू नये. फ्रीसिंक मात्र असावं, ते कार्डाचा आणि स्क्रीनचा ताल जुळवतं आणि चित्र मधूनच फाटत नाही. स्टँड वर-खाली होतो का बघा, नसेल तर मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची चार स्क्रूची भोकं तरी हवीत. माझा स्टँड फक्त मान हलवायचा. सर्व्हे नकाशांच्या जुन्या वह्यांवर ठेवून उंची साधली.

आणि रत्नागिरीपुरतं एक वेगळं प्रकरण आहे. आमचं घर ‘पांढरा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्याच्या बाजूला, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए पिनेचे स्क्रू पकडीने सोडवावे लागले होते, त्यांच्यावर हिरवट थर चढला होता. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात मॉनिटर समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, भिंतीला न चिकटवता ठेवावा आणि पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू करावा. त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते. प्लॅस्टिकचं कव्हर गरम स्क्रीनवर घालू नये, आत घाम येतो. जुना मॉनिटर गेला तो वळवाच्या पावसात वीज तीनदा येऊन-जाऊन झाल्यावर. आता स्क्रीनसुद्धा यूपीएसवर आहे, पंचवीस-तीस वॅट ही काही मोठी मागणी नव्हे.

मी हा मॉनिटर मोबाईलवर, सेलमध्ये, आकडे बघून मागवला होता. परत करायची मुदत काही दिवसांची होती आणि मला दोष कळला तो महिन्याने. नोव्हेंबरात डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका कायमचा पेटून राहिला, तेव्हा वॉरंटीचं पान पहिल्यांदा वाचलं. असे ठिपके ठरावीक संख्येच्या वर गेल्याशिवाय कंपनी दोष मानत नाही. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, म्हणजे आंबा घाट चढून-उतरून सगळा दिवस. कुरियरने पाठवायचा तर मूळ खोकं हवं, आणि ते माळ्यावर भिजून, कसर लागून, थर्मोकोलसकट भुगा झालेलं. म्हणून पहिल्या आठवड्यातच पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी चित्रं पडदाभर लावून कोपरान् कोपरा बघा, आणि खरा दोष सापडला तर लगेच लेखी कळवा. विकणारा देशात कुठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. माझ्या ठिपक्याला यातलं काही लागू नव्हतं. चूक माझी होती, वस्तू सदोष नव्हती, आमच्या घराला चुकीची होती.

नाचणे गावच्या चुलत भावाला तो मॉनिटर निम्म्या किमतीत दिला. रात्री दिवे मालवून तो त्यावर सिनेमे बघतो आणि मला दुवा देतो. हिरवा ठिपका त्याला अजून दिसलेला नाही.

दुसरी खरेदी गावातल्याच दुकानात केली. पेनड्राइव्हवर एक फाईल नेली: दहा पॉइंटात चतुःसीमा, आजी-आजोबांची जोडाक्षरांची नावं आणि ‘हिस्सा नं. १९१/९, ९१९/१’ अशी मुद्दाम रचलेली ओळ. दुकानदाराने चार मॉनिटरवर ती निमूटपणे लावून दाखवली. चौथ्याला त्याचा पोऱ्या लांबून वाचायला लागला, ‘‘एकशे एक्याण्णव भागिले नऊ, नऊशे एकोणीस भागिले एक.’’ २४ इंची, सपाट, आयपीएस, फुल एचडी, १४४ हर्ट्झ. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, छोटा वाटतो.’’ आठवडाभरानंतर त्याने तो शब्द पुन्हा काढला नाही.

खोकं यावेळी माळ्यावर टाकलं नाही. प्लॅस्टिकात गुंडाळून पलंगाखाली सरकवलंय. बायको झाडू मारताना रोज विचारते, हे कधी जाणार. वॉरंटी तीन वर्षांची आहे.