शाळेची माहिती : एकाच्या स्मरणात की सर्वांच्या हाती?

पुष्कळ शाळांत एखादा शिक्षक असा असतो की, प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारावी लागते. जुने दाखल-खारीज रजिस्टर कोठे आहे, 1950 पूर्वीची मोडीतील नोंद कशी वाचावयाची, हे तोच जाणतो. हे त्याचे भूषण खरे; परंतु त्याची बदली होताच शाळा अडते. जातपडताळणीसाठी आजोबांच्या नावाची नोंद मागावयास आलेला पालक रिकाम्या हाताने परततो आणि त्याच्या मुलाचा पुढील शिक्षणातील प्रवेश धोक्यात येतो.

या बाबतीत धुळ्याचे एक उदाहरण मननीय आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे जमविली व 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड संपादिले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याएवढा व्यासंग दुसऱ्याजवळ नव्हता. तथापि त्यांची दप्तरे व टिपणे मागे उरली होती. ती सांभाळण्यासाठी 1927 मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात ग्रंथरूपाने बाहेर आला. जे कागदावर उतरले होते, ते इतरांस पुढे नेता आले. जे मनातच राहिले, ते त्यांच्याबरोबर गेले.

हाच बोध लहानशा द्विशिक्षकी शाळेनेही घ्यावयास हवा. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. जुन्या रजिस्टरांची यादी करावी. तीत वर्षे, लिपी व कपाट यांचा उल्लेख असावा.

2. मोडी जाणणाऱ्याने नोंद वाचताना सहकाऱ्यास शेजारी बसवावे. वाचन देवनागरीत वेगळ्या वहीत उतरवावे; मूळ पानावर काहीही लिहू नये.

3. महिन्यातून एक दिवस कामांची अदलाबदल करावी. जाणकाराने केवळ पाहावे व सहकारी जेथे अडेल, ती गोष्ट टिपून ठेवावी. लिहून ठेवावयाचे राहिले आहे ते नेमके तेथेच सापडते.

4. कार्यभार सोपविताना केवळ यादीवर सही घेऊन थांबू नये. नव्या शिक्षकाकडून एक जुनी नोंद शोधवून घ्यावी.

यामुळे जाणत्या शिक्षकाचा मान कमी होत नाही. मुलांस शिकविणे हे ज्याचे व्रत, त्याने सहकाऱ्यास शिकविण्यात हात आखडू नये.

केंद्राच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न : आपल्या शाळेतील सर्वांत जाणता शिक्षक उद्या महिनाभर रजेवर गेल्यास कोणते काम प्रथम अडेल? ते कोणास शिकवावयाचे?