नऊ पानांचा टोमासुलो

आपल्याकडे 'जर्नल' म्हटलं की प्रॅक्टिकलची वही डोळ्यांसमोर येते, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची बघून उतरवायची ती. दुसऱ्या प्रकारचं जर्नल मला फायनल इयरला भेटलं. आमचा प्रोजेक्ट होता एफपीजीएवर छोटा पाइपलाइन प्रोसेसर बसवण्याचा. त्यावर पेपर छापून आणा म्हणजे मार्क मिळतील, असं सांगण्यात आलं. आठवड्याभरात पार्टनरने एक ठिकाण शोधलं. फी भरा, चार दिवसांत पेपर छापून मिळेल, सर्टिफिकेटसकट!

"एकाचे दोन पेपर करू," तो म्हणाला. "तेवढाच एच-इंडेक्स वाढेल."

एच-इंडेक्स म्हणजे नक्की काय हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून वाचलं. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा आकडा मांडला. आपल्या पेपरचा उल्लेख दुसऱ्याच्या संदर्भयादीत आला की आपल्याला एक सायटेशन मिळालं. समजा एखाद्याच्या पाच पेपरांना ४०, १२, ५, ३ आणि १ अशी सायटेशन्स आहेत. तिसऱ्याला किमान ३ आहेत का? आहेत, ५. चौथ्याला किमान ४? नाहीत. म्हणजे एच-इंडेक्स ३. सोपं आहे, पण एक मेख आहे. ज्याचे दोनच पेपर, त्याचा इंडेक्स दोनच्या वर जाऊच शकत नाही; मग त्यांना हजारो सायटेशन्स का असेनात.

इथे मला आर्किटेक्चरच्या परीक्षेत छळणारा टोमासुलो आठवला.

रॉबर्ट टोमासुलो हा आयबीएममधला इंजिनिअर. 'आयबीएम जर्नल ऑफ रिसर्च अँड डेव्हलपमेंट'च्या जानेवारी १९६७ च्या अंकात त्याचा एकट्याचा पेपर आहे, पान २५ ते ३३. (त्याच अंकातल्या आणखी एका पेपरवर इतर दोघांबरोबर त्याचं नाव आहे.) विषय, सिस्टीम/३६० मॉडेल ९१ चं फ्लोटिंग पॉइंट युनिट. या आर्किटेक्चरमध्ये फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर्स फक्त चार. भागाकाराला वेळ लागतो, आणि त्याच्या उत्तरासाठी मागच्या इन्स्ट्रक्शन्स रांगेत ताटकळत उभ्या.

आपल्या कॅन्टीनसारखंच. पुढच्याचा डोसा होईपर्यंत मागच्याने चहासाठी का थांबायचं? टोमासुलोने टोकन पद्धत आणली म्हणा ना. इन्स्ट्रक्शन रिझर्व्हेशन स्टेशनमध्ये जाऊन बसते. बेरजेसाठी अशी तीन होती, गुणाकार-भागाकारासाठी दोन. जी किंमत अजून तयार नाही तिच्या जागी, ती जिथून येणार तिथला टॅग लिहून ठेवायचा. उत्तर झालं की ते टॅगसकट कॉमन डेटा बसवर पुकारलं जातं, आणि ज्याला ज्याला हवं तो उचलतो. ज्याचं सगळं सामान आलं तो निघाला, रांगेत नंबर कितवा का असेना. रजिस्टरचं नाव मागे पडून टॅग पुढे येतो, यालाच आपण आज रजिस्टर रिनेमिंग म्हणतो.

पण मॉडेल ९१ मोजकीच तयार झाली. शिवाय एक दुखणं होतं. इंटरप्ट आला तर नेमकं कुठल्या इन्स्ट्रक्शनपाशी थांबलोय ते सांगता यायचं नाही. त्यावर रिऑर्डर बफरचा उपाय स्मिथ आणि प्लेश्कुन यांनी १९८५ मध्ये मांडला. दोन्ही कल्पना एकत्र होऊन १९९५ मध्ये पेंटियम प्रो आला, आणि १९९७ मध्ये टोमासुलोला एकर्ट-मॉचली अवॉर्ड मिळालं. पेपर छापल्याला तोवर तीस वर्षं झाली होती! १९७० मध्ये कुणी सायटेशन्स मोजून त्याचं प्रमोशन ठरवलं असतं तर?

आणखी एक गंमत. कल्पना एकदा हेनेसी-पॅटरसनच्या पुस्तकात गेली की लोक पुस्तकाचा संदर्भ देतात, किंवा नुसतं 'टोमासुलो अल्गोरिदम' लिहून मोकळे होतात. नाव सर्वतोमुखी, सायटेशन शून्य. त्यात हार्डवेअरवाले चांगलं काम जर्नलपेक्षा इस्का, मायक्रो अशा कॉन्फरन्सेसमध्ये छापतात. फक्त जर्नल मोजणाऱ्याच्या हिशेबात ही माणसं येतच नाहीत. सायटेशन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. कोणी कशासाठी संदर्भ दिला ते उघडून वाचलं तर खूप कळतं. 'ही पद्धत चुकीची आहे' असं सांगणारंही एक सायटेशनच असतं. नुसता आकडा बघणाऱ्याला हे कसं कळणार?

त्या नऊ पानांची प्रिंट काढून मी पार्टनरला दिली. "टोमासुलोला टर्मवर्कचे मार्क नको होते रे," तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता. तरी फी भरली नाही, आणि पेपरचे मार्क गेले.

रिपोर्टच्या संदर्भांत मात्र पुस्तकाबरोबर मूळ पेपरही टाकला. ओरलला एक्स्टर्नलने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हा वाचलाय, की नुसता उतरवलाय?"

पार्टनरने खडू मागितला आणि फळ्यावर कॉमन डेटा बस काढायला घेतला.