मणक्याची अल्पछेद शस्त्रक्रिया : उपयोग आणि मर्यादा

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हा शेतीप्रधान परिसर आहे. निंदणी, कापसाची वेचणी आणि पोत्यांची चढउतार यांत कंबरेवर सतत ताण पडतो. त्यामुळे कंबरदुखी येथे नवी नाही. ‘दुर्बिणीतून मणक्याचे ऑपरेशन’ हे शब्दही आता ग्रामीण भागात कानी पडतात. ही शस्त्रक्रिया कोणाला आवश्यक असते, हे गावाला सल्ला देणाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

दोन मणक्यांमध्ये कूर्चेची गादी असते. तिचे बाह्य कडे फाटून आतील मऊ भाग सरकला, की नसेवर दाब येतो व कळ पायात उतरते. हा कार्यकारणभाव बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये स्पष्ट केला. पूर्वी मोठा छेद घेऊन स्नायू हाडापासून सोडवावे लागत. १९७७ मध्ये यासरगिल आणि कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने, तर १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी नळीतून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. नळीच्या पद्धतीत सुमारे दोन सेंटिमीटरचा छेद पुरतो व स्नायूंचे तंतू केवळ बाजूला सारले जातात. रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर घरी जातो.

तथापि, छेद लहान असला तरी आतील काम तेच असते. जंतुसंसर्ग, मज्जावरणाला इजा किंवा गादी पुन्हा सरकणे हे धोके उरतातच. शिवाय बहुतेक रुग्णांची पायातील कळ औषधे, बेताची हालचाल व व्यायाम यांनी सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. दुखणे नसलेल्यांच्याही एमआरआयमध्ये सरकलेली गादी दिसू शकते; म्हणून केवळ चित्र पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय करू नये.

मात्र लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, मांड्यांचा आतील व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसल्यास मालिश, लेप यांत वेळ दवडू नये. अशा वेळी काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो. रुग्णाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल काय, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी.

पंचायत सदस्यांनी ही लक्षणे ग्रामसभेत वाचून दाखविल्यास आणि शिक्षकांनी ती पालकांपर्यंत पोहोचविल्यास योग्य रुग्ण योग्य वेळी उपचारापर्यंत पोहोचेल.