माती धरते, माती सोडते

मुलांनो, कल्याण-भिवंडीच्या आसपास पावसाळा सरला की वीटभट्ट्या पेटतात. विटा भाजताना धुराबरोबर एक वायू बाहेर पडतो. तो दिसत नाही. पण त्यामुळे जवळच्या झाडांच्या पानांच्या कडा करपतात. हा वायू बराचसा विटांच्या मातीतूनच येतो. मातीच्या कणांत फ्लोराइड अडकलेले असते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर माती तापली, की ते हायड्रोजन फ्लोराइड होऊन सुटते.

आगीशिवायही माती फ्लोराइड सोडते का? ते मातीच्या जातीवर अवलंबून आहे.

माथेरानच्या पठारावरची तांबडी माती पाहा. कोकणातला मुसळधार पाऊस तिच्यातला चुना आणि सोडा धुऊन नेतो. लोह व अॅल्युमिनियम मागे उरतात. अशी किंचित आम्लधर्मी माती फ्लोराइडला घट्ट धरते. माती फारच आम्लधर्मी असली, तर मात्र अॅल्युमिनियम स्वतःच फ्लोराइडसह पाण्यात उतरते. चहाचे झुडूप आम्लधर्मी मातीतच वाढते आणि फ्लोराइड पानांत साठवते.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, नांदेडमधील किनवट या भागांत मात्र गोष्ट उलटी आहे. तेथील खडकांतच फ्लोराइड आहे. खोलवरचे पाणी वर्षानुवर्षे खडकात मुरून अल्कधर्मी होते. त्यात सोडा वाढतो, कॅल्शियम घटते. फ्लोराइडला तळाशी बसवणारे कॅल्शियमच कमी, मग त्याला अडवणार कोण? शिवाय अल्कधर्मी पाण्यातील हायड्रॉक्साइडचा कण जवळजवळ फ्लोराइडएवढाच असतो. डोंबिवली लोकलमध्ये एक जण उठताच दुसरा जागा पटकावतो ना? हा तर बसलेल्याला उठवूनच जागा घेतो! म्हणून एकाच गावात उथळ विहिरीचे पाणी चांगले आणि खोल बोअरचे वाईट असू शकते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत. दात तयार होण्याच्या वयात त्याहून बरेच जास्त पोटात गेले, तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत. अशा मुलाला "दात घासत नाहीस" म्हणून रागावणे हा अन्याय आहे. पुढे हाडे ताठरतात, गुडघे वाकतात.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात यावर नलगोंडा पद्धत शोधली. पाण्यात चुना आणि तुरटी, म्हणजे आपली फिटकरी, घालून ढवळतात. तुरटीतील अॅल्युमिनियमचे पुंजके फ्लोराइडला धरून खाली बसतात. तांबड्या मातीचेच काम बादलीत होते! वरचे पाणी गाळून घेतात. खालचा गाळ विहिरीजवळ टाकायचा नसतो. धरलेले फ्लोराइड तो पुन्हा सोडू शकतो.

शब्दार्थ : सरणे – संपणे. करपणे – जळून काळे पडणे. आम्लधर्मी – आंबट गुणाचे. अल्कधर्मी – खारट-तुरट, सोड्याच्या गुणाचे. उथळ – कमी खोल. पुंजका – लहान गोळा.