आधी मे महिन्याचा हिशोब

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात कुणाला खाऱ्या पाण्याच्या टाकीची हौस आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: निमोची जोडी कितीला पडते? मग कोरल कितीला, काच कितीला, लाईट कितीचा. मी शिवमंदिराच्या बाजूला राहते, घरात दोन फुटी मरीन टाकी आहे, आणि ती बघून गेलेले ओळखीपाळखीचे लोक अधूनमधून सल्ला विचारायला येतात. त्यांना मी उलटा प्रश्न टाकते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुमच्या हॉलमध्ये तापमान किती असतं? सहसा उत्तर येतं, "गरम होतं हो, पण पंखा आहे ना."

टाकीचा खर्च याच उत्तरात दडलेला आहे. कोरलला साधारण २४ ते २७ अंश मानवतात. २९-३० अंशांवर काही आठवडे काढावे लागले की त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं, ज्यांच्यावर त्याचं पोट आणि रंग दोन्ही अवलंबून असतात, बाहेर पडू लागतात आणि कोरल पांढरं पडतं. बदलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो हे सांगायला नको. वरच्या मजल्यावरच्या घरात पंखा चालू असूनही ३४-३५ अंश सहज असतात, आणि वर टाकीचा लाईट व पाण्यातला पंप आपापली ऊब घालतात.

म्हणून माझा पहिला सल्ला जवळपास फुकटातला आहे. टाकी घ्या, नळाचं पाणी भरा, पंप आणि लाईट रोजच्यासारखे चालवा, साधा थर्मामीटर लावा आणि एक उन्हाळा काढा. मीठ नाही, मासा नाही. सकाळी, दुपारी आणि झोपताना वहीत आकडा लिहायचा. पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, तेही लिहा. पण जूनमध्ये हवा दमट झाली की तोच पंखा नुसता फिरतो. वहीतला आकडा पंख्यासकट २९ च्या वर राहत असेल तर चिलर लागणार, आणि चिलर परवडत नसेल तर इथेच थांबून गोड्या पाण्याच्या गप्पी-मोलीत रमावं. त्यात कमीपणा काही नाही.

चिलर विकत घेतला म्हणजे खर्च संपला असंही नाही. लहानात लहान, १/१० एचपीचा चिलर दीड-दोनशे वॉट खातो. उन्हाळ्यात दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला पन्नास-साठ युनिट वाढतात. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे १०० युनिटच्या आत बसणारं घर वरच्या टप्प्यात जातं. शिवाय तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, तेव्हा त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंडू नये. काही जण टाकी एसीच्या बेडरूममध्ये ठेवतात. रात्री २४ आणि दुपारी एसी बंद असताना ३१, असा रोजचा झोका कोरलला एकसारख्या २८ पेक्षा जास्त बाधतो.

माझ्या टाकीचा पहिला उन्हाळा दोन छोट्या पंख्यांवर चालला होता आणि बरा चालला होता. मग मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली ती रात्र पडली तरी आली नाही. मी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. घरी पोचले तेव्हा थर्मामीटर ३३ दाखवत होता. एरवी हाताच्या पंजाएवढं उघडणारं लेदर कोरल आवळून बसलं होतं आणि त्याच्या अंगावर मेणासारखी साय धरली होती. दोन्ही क्लाऊन, म्हणजे निमो, पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभरा कल्ले हलवत होते. क्लीनर श्रिंप उताणी पडली होती. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात पंप बंद म्हणजे पाणी हलायचंही थांबलेलं. मुलगा आणि मी आळीपाळीने प्लास्टिकच्या मगाने पाणी उपसून हातभर उंचीवरून परत ओतत बसलो. एक क्लाऊन वाचला, लेदरही पुढे सावकाश उघडलं.

नुसत्या उकाड्याने टाकी खचायला दिवस लागतात, पंप बंद पडला तर एक दुपार पुरते. त्यामुळे लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप माझ्या यादीत माशांच्या कितीतरी आधी येतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पाणी हलवणारा वेव्हमेकर घ्यावा. त्याला दहाएक वॉट लागतात, आणि १५० एएचची बॅटरी एवढाच भार असेल तर दिवसभर सहज ओढते. चिलर त्यावर टाकू नये. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बंद बाटल्या गोठवून ठेवल्या की अशा वेळी एकेक टाकीत तरंगत सोडता येते.

आता टाकी केवढी घ्यायची? २४ बाय १५ बाय १५ इंच. हिशोबाने ८८ लिटर, दगड-वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी ७०-७५ लिटर. वीस लिटरची नॅनो टाकी स्वस्त दिसते, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं, लवकर खारट होतं आणि एक मेलेली गोगलगाय सगळं नासवते. दोन फुटी टाकीचं भरलेलं वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं. स्टँड उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात करून घेतला तर पैसे वाचतात, पण एमडीएफ घेऊ नका. खाऱ्या पाण्याचे तुषार कडेला वाळून मीठ साचतं आणि एमडीएफ फुगतं. लोखंडी अँगल, वर चांगला रंग, बस. उल्हासनगरचा 'मेड इन यूएसए' माल चेष्टेचा विषय असला तरी तिथले कारागीर मापाला चोख आहेत. टाकी तळमजल्यावर असेल तर विजेचे बोर्ड उंच लावा. २००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षी जुलैमध्ये बदलापुरात पाणी शिरलेलं आहे. आणि मिठाचं पाणी व वायरी जिथे शेजारी असतात तिथे अर्थ लिकेज ब्रेकरला पर्याय नाही.

मिठाचं गणित लोक सुरुवातीच्या खरेदीपुरतं करतात. समुद्राचं पाणी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम खारट, आणि तयार मरीन सॉल्टमध्ये थोडी ओल असते म्हणून लिटरला ३६-३८ ग्रॅम धरायचं. ७५ लिटरला पावणेतीन किलो. पण दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर वर्षाला चौदा-पंधरा किलो सॉल्ट लागतं, आणि ते दरवर्षी लागतं. इथे कुणीतरी हमखास सुचवतं की भाईंदर-उरणकडे मिठागरं आहेत, तिथलं जाडं मीठ घाला. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसतं, मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि मधलं जे आपण उचलतो ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. त्यात कोरल जगत नाही. समुद्राचं पाणी कॅनने आणावं तर मुंबईचा किनारा कसा आहे हे आपण बघतोच, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी पातळ होतं. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या तोंडावर होतं. आपण वालधुनी नदीच्या काठी. आपल्याला सॉल्ट विकतच घ्यायचं आहे.

सॉल्ट ज्यात मिसळायचं ते पाणी त्याहून महत्त्वाचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि बाकीचं जे काही, ते आरओ आणि त्यापुढच्या डीआय रेझिनने काढून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, असं सगळे विचारतात. मशीन उघडून बघा. हल्ली कितीतरी प्युरिफायरमध्ये चव आणि आरोग्यासाठी कॉपरचं कार्ट्रिज बसवलेलं असतं. माणसाला ते चांगलं असेल, पण श्रिंप, गोगलगायी आणि कोरल यांना अगदी थोडं तांबंही विष आहे. याच कारणाने वापरलेली टाकी घेताना आधीच्या मालकाला एक नक्की विचारा: यात माशांच्या रोगावर कॉपरचं औषध कधी टाकलं होतं का? टाकलं असेल तर ती टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. बाकी जुनं सामान घ्यायला हरकत नाही, हौस फिटलेल्यांची संख्या आपल्याकडे भरपूर आहे.

टाकीतून उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. पंखे चालू असताना दिवसाला दोन लिटर सहज उडतात. ७५ लिटरमधून चार दिवसांत आठ लिटर गेले तर ३५ ची क्षारता ३९ वर जाते. ही तूट गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्यानेच भरायची. आम्ही गणपतीला गावी गेलो की टाकी शेजारच्या काकूंकडे असते. त्यांच्यासाठी रोजची एक अशा गोड्या पाण्याच्या बाटल्या भरून, काचेवर मार्करने रेघ मारून जाते, आणि मिसळून ठेवलेलं खारं पाणी कपाटात कुलपात. काकू मायेने दुप्पट खाणं घालतात म्हणून खाण्याच्याही पुड्या बांधलेल्या. आणि डासांसाठी घरात फवारा मारू नका असंही सांगून ठेवलेलं असतं. त्यातली कीटकनाशकं श्रिंप आणि माशांना फार लवकर मारतात. पालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून एअर पंप थोडा वेळ बंद करायचा.

आता कायद्याचं. दुकानात पांढरी शुभ्र वाळलेली कोरलं सजावटीला मिळतात, 'लाईव्ह रॉक' म्हणून समुद्रातून फोडलेले दगड मिळतात, कधी जिवंत टणक कोरलही कोपऱ्यात दिसतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत, २००१ पासून सगळी पाषाणी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आहेत. मेलेलं कोरल बाळगणंही त्यात येतं. मुंबईच्या कोस्टल रोडच्या आड हाजीअली-वरळीला प्रवाळाच्या १८ वसाहती आल्या, तेव्हा वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडून त्या हलवून घ्याव्या लागल्या. खुद्द महापालिकेला जे परवानगीशिवाय जमलं नाही, ते आपल्या हॉलमध्ये कसं जमेल? दगड सिरॅमिकचे, कृत्रिम घ्या. कोरल त्या यादीबाहेरची मऊ घ्या: मशरूम, लेदर, झोआ. बिल मागा. नवशिक्याला हीच सोपी पडतात, त्यांना महागडा लाईटही लागत नाही. फक्त झोआ आणि तिची भावंडं पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, ती चिकटलेला दगड घासायचा नाही आणि त्यावर उकळतं पाणी तर कधीच ओतायचं नाही. नुसत्या वाफेने अख्खं कुटुंब दवाखान्यात भरती झाल्याची उदाहरणं परदेशात आहेत.

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. बाजारातून एक कच्ची कोळंबी आणून टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची. घरात तक्रार होते, होऊ दे. तिच्यातून निघणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत दुकानदार काहीही म्हणो, थांबायचं. 'आधी दोन डॅमसेल सोडा, मजबूत असतात,' हा सल्ला ऐकू नका. जे जगतात ते पुढे क्लाऊनला जगू देत नाहीत.

मासे शेवटी, आणि थोडे. क्लाऊनची जोडी, एखादा गोबी, चार गोगलगायी, एक श्रिंप, एवढ्यावर टाकी भरते. मुलांना डोरी हवा असतो, पण तो फूटभर वाढणारा मासा आहे, आपल्या टाकीत नको. क्लाऊनला ॲनिमोन लागतंच असंही नाही, आणि ॲनिमोन फिरत फिरत पंपात अडकतं. पैदास केलेला क्लाऊन मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही तो पैदा केला गेला आहे. असा मासा पहिल्या दिवसापासून गोळीखाणं खातो. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटहून आणायचा तर सकाळी लवकर निघा, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा, आणि परतीला बसायला जागा मिळेल अशीच बदलापूर लोकल धरा.