पाठवलेली खेळी परत घेता येत नाही



चिरंजीवास काकांनी हे पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या आठवड्यात चिरंजीवाच्या मामांकडून जी वार्ता सांगलीस पोहोचली, ती खरी असल्यास गंभीर आहे आणि खोटी असल्यास वेळीच खोटी ठरणे आवश्यक आहे. परराष्ट्र सेवेच्या राजीनाम्याचा मसुदा तयार आहे, वार्षिक अहवालातील एका प्रतिकूल शेऱ्यामुळे तो लिहिला गेला आहे, आणि यापुढे पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळालाच सर्व वेळ देण्याचा चिरंजीवाचा मनोदय आहे, असे मामा सांगतात. मामांना मुठीएवढी गोष्ट सुपाएवढी करण्याची सवय आहे हे घरात सर्वांस ठाऊक आहे. तथापि शेरा खरा असल्याचे चिरंजीवाच्या धाकट्या बहिणीनेही कबूल केल्यामुळे ही वार्ता केवळ अफवा म्हणून बाजूस ठेवता येत नाही. वहिनींना अद्याप राजीनाम्याविषयी स्पष्ट काही सांगितलेले नाही, परंतु हे पत्र त्याही वाचणार असल्यामुळे चिरंजीवास परिचित असलेल्या काही गोष्टी येथे उलगडून लिहिणे भाग आहे.

टपाली बुद्धिबळ म्हणजे दोन गावांत किंवा दोन देशांत बसलेल्या खेळाडूंनी एकेक खेळी पत्राने कळवून पुरा केलेला डाव होय. एडिंबरा आणि लंडन येथील मंडळांमधील १८२४ ते १८२८ या काळातील पाच डावांचा सामना प्रसिद्ध आहे, आणि त्याच सुमारास मद्रास व हैदराबाद यांच्यातही असे डाव खेळले गेले. मद्रासच्या बाजूचे सूत्रधार गुलाम कासिम यांच्या टिपणांसह ते १८२९ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साधारणपणे दहा खेळ्यांस तीस दिवस मिळत आणि कार्ड प्रवासात असलेले दिवस त्यात धरले जात नसत, त्यामुळे एकेक डाव वर्षानुवर्षे चाले. कार्डावर प्रतिस्पर्ध्याची आलेली खेळी पुन्हा लिहावयाची, तिच्याखाली आपले उत्तर, कार्ड मिळाल्याची तारीख आणि रवाना केल्याची तारीख लिहावयाची, अशी रीत होती. भाषेचा अडसर नको म्हणून खेळी अंकांत लिहीत. पटाच्या उभ्या आणि आडव्या ओळींना एक ते आठ असे क्रमांक असल्याने पांढऱ्या राजापुढील प्यादे दोन घरे सरकले की ५२५४ एवढेच लिहिले जाई, ज्यातील पहिले दोन अंक निघालेल्या घराचे आणि नंतरचे दोन पोहोचलेल्या घराचे असत. या खेळाचा मूळ दंडक असा की, नियमाला धरून असलेली खेळी एकदा रवाना झाली की ती परत घेता येत नाही, मग ती कितीही रागात वा झोपेत लिहिलेली असो. हा दंडक वर्षानुवर्षे पाळणाऱ्या खेळाडूने एका शेऱ्यासाठी राजीनामा लिहावा, याचे आश्चर्य वाटते.

या खेळावर चरितार्थ चालतो, असे चिरंजीवास कोणी सांगितले असल्यास ते इतिहासाला धरून नाही. टपाली बुद्धिबळाचा पहिला जगज्जेता, ऑस्ट्रेलियाचा सेसिल पर्डी, याने १९५३ मध्ये ते पद मिळविले तेव्हा तो बुद्धिबळाचे मासिक चालवीत होता. व्लादिमिर झागोरोव्स्की इतिहासाचा प्राध्यापक होता. हान्स बर्लिनर याने १९६५ ते १९६८ च्या अंतिम स्पर्धेत सोळा डावांत चौदा गुण मिळवूनही हा खेळ उपजीविकेसाठी धरला नाही आणि पुढे संगणकशास्त्रात विद्वत्ता संपादन केली. आज डाव संगणकीय जाळ्यावरून खेळले जातात, यंत्राचा सल्ला घेण्यास नियमांचीच मुभा आहे, आणि त्यामुळे वरच्या दर्जाच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. अशा खेळासाठी कष्टाने मिळविलेली सेवा सोडणे म्हणजे पटावर दुसरी बरी खेळी असताना हत्ती फुकट देणे होय, आणि ही चूक चिरंजीवाने वयाच्या दहाव्या वर्षीही केली नव्हती.

मुत्सद्देगिरी आणि बुद्धिबळ एकत्र नांदू शकत नाहीत, ही समजूतही तपासून घ्यावी. प्रशियाचा तासिलो फॉन हायडेब्रांट उंड डेर लासा (जन्म १८१८) हा कायद्याचे शिक्षण घेऊन १८४५ पासून आपल्या राज्याच्या परराष्ट्र सेवेत होता आणि स्टॉकहोम, ब्रसेल्स, रिओ दि जानेरो, कोपनहेगन अशा ठिकाणी त्याच्या नेमणुका झाल्या. त्याचा मित्र बिल्गर हा ऐन तारुण्यात १८४० मध्ये वारला, तेव्हा त्याने आरंभलेला बुद्धिबळाचा विस्तृत ग्रंथ लासाने पूर्ण केला, १८४३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढच्या आवृत्त्यांचे संस्करण करतानाही मुखपृष्ठावर मित्राचेच नाव राहू दिले. १८५३ मध्ये ब्रसेल्स येथे त्याने हॉवर्ड स्टाँटन या तत्कालीन अग्रगण्य इंग्रज खेळाडूवर मात केली, आणि त्या भेटीत देशोदेशीचे नियम एकसारखे करण्याविषयीही दोघांत चर्चा झाली. तरी औपचारिक स्पर्धेत तो कधी उतरला नाही. दोन हजारांहून अधिक पुस्तकांचा त्याचा संग्रह आज बहुतांशी पोलंडमधील कुर्निक येथील किल्ल्यात आहे, आणि या खेळाच्या इतिहासावरील त्याचा ग्रंथ १८९७ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. बदलीच्या नोकरीतच एवढे काम उभे राहिले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

नोकरी कधी जाऊच नये, असाही काकांचा आग्रह नाही. फ्रान्सचा सेंत-आमां हा तरुणपणी फ्रेंच गयानाच्या गव्हर्नरचा सचिव होता आणि तेथील गुलामांच्या व्यापाराला विरोध केल्यामुळे त्याला ते पद गमवावे लागले. पुढे तो पॅरिसमधील अग्रगण्य खेळाडू झाला, १८४२ ते १८४६ या काळात पेस्ट शहराविरुद्धच्या टपाली सामन्यात पॅरिसच्या बाजूला राहून दोन्ही डाव हरला, आणि १८५१ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून पुन्हा सरकारी सेवेत आला. असे कारण असते तर काकांनी हे पत्र लिहिलेच नसते. एका वरिष्ठाने लिहिलेली एक ओळ हे तेवढे कारण होत नाही, आणि त्या ओळीविरुद्ध लेखी निवेदन देण्याचा मार्ग सेवेच्या नियमांतच उपलब्ध आहे.

राजीनाम्याची धास्ती काकांस एवढी का वाटावी, याचे कारण घरातील मोठ्यांस ठाऊक आहे. आजोबा गेले त्या वर्षी काका टपाली स्पर्धेत खेळत होते आणि नाशिकच्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्यांचा डाव वरचढ होता. सुतकाच्या दिवसांतच, घरात कोणी तसे सुचविलेले नसताना, त्यांनी सर्व प्रतिस्पर्ध्यांना डाव सोडल्याची कार्डे पाठविली आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत मन घातले. नाशिकच्या गृहस्थाने उत्तरी कार्डावर सांत्वनाच्या दोन ओळी लिहून, डाव थांबवून ठेवता आला असता असे कळविले होते. स्पर्धेच्या नियमांत रजेची तरतूद होती, पण शोकात तिची आठवण काकांस झाली नाही आणि नंतर पुन्हा पट मांडण्याची उमेद राहिली नाही. चिरंजीवास लहानपणी उंटाची तिरपी चाल शिकविताना त्यांच्या मनात ही रुखरुख होती, आणि आज तोच मुलगा उलट्या बाजूने तसाच निर्णय घेऊ पाहत आहे, या भीतीने हे पत्र जरा कठोर झाले आहे.

तरी चिरंजीवाने ते मनास लावून घेऊ नये. परक्या देशात, भाषा नवी असताना, दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये तोलून मापून लिहिणाऱ्या माणसास रात्री पटापुढे बसून आपल्या मनाची एक खेळी करावीशी वाटते, यात गैर काही नाही. त्या एकटेपणाची कल्पना सांगलीत बसून पुरती येत नाही, आणि शेऱ्याने झालेला अपमानही खराच आहे. टपाली बुद्धिबळात जर-तरच्या खेळ्या म्हणून एक सोय असते : प्रतिस्पर्धी अमुक खेळल्यास आपले उत्तर तमुक, असे आगाऊ लिहून देता येते. राजीनाम्याच्या मसुद्याखाली चिरंजीवाने असेच लिहून पाहावे, की वरिष्ठांची बदली झाल्यास काय, पुढील नेमणूक मनाजोगी मिळाल्यास काय, आणि स्पर्धेतील उरलेले डाव बरोबरीत सुटल्यास काय. या सर्वांची उत्तरे लिहूनही निर्णय तोच राहिला, तर तो घरास मान्य असेल, आणि वहिनींना समजावून सांगण्याचे काम काकांकडे राहील.

प्रकृतीस जपावे, रात्री फार जागू नये, जेवणाची वेळ चुकवू नये. दिवाळीस रजा मिळाल्यास सांगलीस यावे. न मिळाल्यास या रविवारी वहिनींना फोन करावा, आणि त्या फोनवर राजीनाम्याचा विषय निघाला नाही तरी चालेल, पण फोन अवश्य करावा.