दात तेवढेच, मग टूथपेस्ट दुप्पट का खपली? (टंचाईतलं मार्केट कसं वाचायचं)



व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकला होता. खरं तर तो वही-पेन घेऊन बसण्याचा विषय आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. यातला एक भाग माझ्या स्वतःच्या नुकसानीचा आहे. तो व्हिडिओत सांगितला नव्हता.

२४ मार्च २०२०, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधानांनी २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. दिघीतल्या आमच्या गल्लीत एक किराणा दुकान आहे, एक काकू चालवतात. साडेआठला मी तिथे पोचलो तर रांग कोपऱ्यापर्यंत. साखरगाठी आणि श्रीखंडाचा डबा घ्यायला आलेला माणूस तांदळाचा कट्टा खांद्यावर टाकून परत चालला होता. साखर, तूरडाळ, तेल, साबण, चहा, टूथपेस्ट, जे समोर दिसेल ते. मीही घेतलं. दहा किलो साखर घेतली, आमच्या घरात महिन्याला तीन किलो लागते.

टूथपेस्टकडे नीट बघा. तांदूळ जास्त घेतला हे समजू शकतं, सगळे घरी जेवणार होते. पण लॉकडाऊनमध्ये कोणी दिवसातून चार वेळा दात घासले का? नाही. दात तेवढेच, माणसं तेवढीच, आणि तरी दोन दिवसांत दुकानातल्या ट्यूब साफ. म्हणजे वापर वाढलाच नव्हता. एप्रिल-मे महिन्यांची खरेदी लोकांनी मार्चमध्ये उरकून घेतली होती. दुकानदाराच्या गल्ल्यात मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. गल्ला भरला की आपल्याला वाटतं धंदा वाढला.

आता हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, वहीत तुमच्या दुकानाचे लिहा.

तुमच्याकडे महिन्याला १०० ट्यूब जातात. दुकानात १२० होत्या, दोन दिवसांत संपल्या. तुम्ही घाबरून ३०० ची ऑर्डर देता. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन फोनवर म्हणतो, "शेठ, माल शॉर्ट आहे, मागाल त्याच्या तिसरा हिस्सा मिळेल." मग तुम्ही डोकं चालवता आणि तीन ठिकाणी ३००-३०० सांगून ठेवता. कागदावर तुमची मागणी झाली ९००. गरज होती १००. आणि त्या १०० पैकीही बऱ्याचशा गिऱ्हाइकांच्या मोरीतल्या फळीवर आधीच जाऊन बसल्या आहेत! प्रत्येक दुकानदार असंच करतो. डिस्ट्रिब्युटर त्यावर आपली भर घालून कंपनीला कळवतो. कंपनीला वाटतं, सगळा देश दात घासत सुटलाय.

मग गाड्या सुरू होतात, कामगार परततात, कारखाने पकड घेतात. तिन्ही डिस्ट्रिब्युटर २००-२०० ट्यूब आणून उतरवतात. ६०० ट्यूब, म्हणजे सहा महिन्यांचा माल. ट्यूबमागे ८० रुपये धरले तर ४८,००० रुपये फळीवर झोपले. आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "टूथपेस्ट नको, घरात आहे अजून."

याला पुस्तकात बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. आसूड ओढताना मनगट थोडंच हलतं, पण टोक केवढं तरी फिरतं, तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हे लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळं ठरल्याप्रमाणेच डायपर ओले करत होती, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डर मात्र वरखाली उड्या मारत होत्या. स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लेख लिहिला, त्यात कारणंही दिली आहेत. टंचाईत मुद्दाम फुगवलेली ऑर्डर हे त्यातलंच एक. चाकणला व्हेंडरकडे स्टोअर्समध्ये काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. मोठ्या कंपनीचं शेड्यूल थोडं हललं की तिसऱ्या पायरीवरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एकदा ओव्हरटाइम नाहीतर एकदा सक्तीची सुट्टी.

काकूंना हा लेख माहीत नव्हता. सेल्समनने त्यांनाही "आत्ताच बुक करा, नंतर मिळणार नाही" म्हणून सांगितलं होतं. मी दुकानातच उभा होतो, तोंडाला रुमाल बांधून. मी म्हटलं, "काकू, घेऊन ठेवा, भाव वाढेल." त्या म्हणाल्या, "सर, दात तेवढेच आहेत ना माणसाला?" आणि त्याला ५० ट्यूब पाठवायला सांगितल्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला नंतर कळली. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या लिहीत होत्या, कोणत्या घराने काय आणि किती नेलं. उधारीचं नव्हे, रोखीचंसुद्धा. चार माणसांच्या घरात पाच किलो तेल गेलं म्हणजे ते घर तेलासाठी पुन्हा कधी येणार, याचा अंदाज त्या वहीवरून यायचा. एका घराला दोनच नग, हा नियमही त्यांनी पाडव्यानंतर लावला. त्यावरून तीन-चार गिऱ्हाइकं भांडून दुसऱ्या दुकानात गेली. ट्यूबसुद्धा मध्ये आठवडाभर संपल्या होत्या. फुकट काही मिळालं नाही, हे लक्षात ठेवा. पण एमआरपीच्या वर एक रुपया घेतला नाही, आणि पावसाळा आला तेव्हा त्यांचा पैसा मोकळा होता.

माल होता, पिशवी नव्हती

टूथपेस्टचा खेळ नुसता वेळेचा होता. त्याच महिन्यात दुसरा एक खेळ चालू होता, तो जागेचा.

आमच्या मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहणारी पोरं होती, भोसरी एमआयडीसीत जाणारी. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कंपनीचं कॅन्टीन, रात्री खानावळ. कंपन्या बंद झाल्या, पोरं मिळेल त्या वाटेने गावी गेली. त्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणि पाच रुपयांचे पुडे तसेच लटकत राहिले. तिथून शंभर पावलांवरच्या सोसायटीत मात्र पाच किलोची आट्याची पिशवी मिळेना, कारण ऑफिसात जेवणारा नवरा आणि शाळेत डबा खाणारी मुलं तिन्ही त्रिकाळ घरात. भोसरीचा दुकानदार रडतोय आणि सोसायटीचा हसतोय, असं एकाच गावात, एकाच आठवड्यात. गहू देशात होता. हॉटेलात जाणारी ५० किलोची गोणी घरी जाणाऱ्या पाच किलोच्या पिशवीत एका रात्रीत बदलत नाही, एवढंच.

दुधाचं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. सकाळी पिशवीसाठी रांग, आणि त्याच वेळी राज्यात दूध जास्त झालं होतं. हॉटेलं, मिठाईची दुकानं, चहाच्या टपऱ्या बंद, मग ते दूध जाणार कुठे? मार्चअखेर राज्य सरकारने रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं. टंचाई आणि सुकाळ एकाच वस्तूचा, एकाच दिवशी. ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटनी टॉयलेट पेपरवर गिऱ्हाईकागणिक मर्यादा घातली, त्यावर आपण हसलो. त्यातही घाबरून केलेल्या खरेदीबरोबर हाच प्रकार होता, ऑफिसातला वापर घरी आला होता.

धंद्याच्या दृष्टीने जागेची टंचाई सगळ्यात चांगली. तिथे माल शोधायचा नसतो, फक्त इकडून तिकडे पोचवायचा असतो. त्या एप्रिलमध्ये कोकणातला हापूस थेट पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर उतरला. छोटा हत्ती आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, एवढ्या भांडवलावर अनेकांनी भाजी-फळांचा धंदा उभा केला. ऑर्डर आधी, पैसे बऱ्याचदा आधी, माल नंतर. दिघीकरांना हे गणित नवीन नाही. माउलींची पालखी सकाळी मॅगझीन चौकातून जाते आणि संध्याकाळी पुण्यात असते. त्या दिवशीची मागणी प्रचंड, पण कधी संपणार ते सगळ्यांना माहीत. म्हणून पालखीसाठी भरलेला माल इथे सहसा कोणाच्या अंगावर पडत नाही. (२०२० साली पालखी पायी निघालीच नाही. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या.)

आता माझं

वापर खरोखर वाढला असेही पदार्थ होते. सॅनिटायझर त्यातलं पहिलं. फेब्रुवारीत ज्या घरात बाटली नव्हती, तिथे मार्चमध्ये तीन हव्या होत्या. १३ मार्चला केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणले. आठवड्याभरात २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा आली. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या यांना सॅनिटायझर बनवायची परवानगी मिळाली. हे सगळं मी माझ्या वहीत तारखेसकट लिहिलं होतं. शिकवायला उपयोगी पडेल म्हणून!

माझा भोसरीतला क्लास बंद होता, उत्पन्न शून्य. मे महिन्यात एका ओळखीच्या होलसेलवाल्याने पाच लिटरचे कॅन १,४०० रुपयांनी देऊ केले. मी ४० उचलले. ५६,००० रुपये, त्यातले बरेचसे मुलीच्या अकरावीच्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवलेले. कंपन्या उघडतील, प्रत्येक गेटवर सॅनिटायझर लागेल, असा माझा विचार. विचार बरोबर होता. कंपन्या उघडल्या आणि प्रत्येक गेटवर सॅनिटायझर लागलं. फक्त तोपर्यंत महाराष्ट्रभर उसाच्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या तेच करत होत्या, आणि कंपनीचं परचेस डिपार्टमेंट माझ्याकडे कशाला येईल? ३० जूनला तो जीवनावश्यक दर्जाही संपला, सरकारने पुढे वाढवला नाही. पुरवठा मुबलक झाल्याची यापेक्षा स्पष्ट खूण कोणती? ऑगस्टमध्ये मी ६०० रुपयांना कॅन विकत होतो, तेही हातापाया पडून.

मधले दोन महिने २०० लिटर अल्कोहोल आमच्या बेडरूममध्ये होतं. बायको गॅस पेटवायच्या आधी रोज त्या दाराकडे बघायची. बोलायची काही नाही.

मी काय विचारलं नाही? मागणी किती वाढेल ते विचारलं. हा माल बनवायला किती सोपा आहे आणि माझ्याबरोबर आणखी कोण कोण बनवायला धावलंय, हे विचारलं नाही. जी वस्तू बनवायला सोपी, तिची टंचाई महिन्यात संपते. कायद्याने भाव बांधलेला असेल तर वर जायला जागा नाही, खाली पडायला मात्र भरपूर. आणि टंचाईत साठा करून चढ्या भावाने विकण्याचा विचार डोक्यात येत असेल, तर जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे.

काकूंची वही जुलैत कामाला आली. १० जुलैला पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी पुन्हा कडक लॉकडाऊन जाहीर झाला, १३ च्या मध्यरात्रीपासून. मधल्या दिवसांत पुन्हा रांगा. या वेळी काकूंनी मार्चची पानं उघडली आणि आदल्या रात्रीच पिशव्या भरून ठेवल्या. तांदूळ, आटा, डाळ, तेल, कांदे-बटाटे. टूथपेस्ट त्यात नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर मिळेनासे झाले. माझा एक विद्यार्थी कर्ज काढून २०० नग उचलायला निघाला होता. मी त्याला फक्त माझ्या कॅनचा हिशोब पाठवला. त्याने आगाऊ पैसे आलेले तेवढेच ३० नग आणले, विकले आणि थांबला. १३ जुलैला ऑक्सिमीटरच्या ट्रेड मार्जिनवर ७० टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हा त्याच्याकडे विकायला एकही शिल्लक नव्हता.

गृहपाठ घरातूनच सुरू करा. तुमच्या महिन्याच्या वाणसामानाची यादी घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहा: उद्या दुकानं बंद होणार म्हटलं तर किती घ्याल, आणि महिन्यात खरोखर किती वापराल. दोन्हींत फरक असेल तिथे लाल खूण. मग त्याच वस्तूपुढे लिहा की ती आणखी कोण, किती दिवसांत बनवून आणू शकेल. वहीचा फोटो मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत दोन-तीन याद्या घेऊन बोलू.

माझी दहा किलो साखर गणपतीपर्यंत पुरली. शेवटचा कॅन २०२२ मध्ये संपला. क्लासचा व्हाईटबोर्ड त्याने फार छान पुसला जायचा.